पिशाचांची सोयरीक आणि उरलेला जेकब

आंबेडकरी मुला-मुलींनी 'ट्वायलाइट'सारखी कादंबरी वाचण्यात वेळ का घालवावा, असा सवाल आमच्याच काही कार्यकर्त्यांनी आम्हाला केला आहे. सवालात टोमणा आहे, तो आम्ही बाजूला ठेवतो. 'जातिसंस्थेचे निर्मूलन' वाचायचे सोडून अमेरिकेतल्या गोऱ्या पिशाचाची प्रेमकथा कशाला चघळायची, असे त्यांचे म्हणणे. आमचे उत्तर साधे आहे. मुली ती वाचतच आहेत, तुम्ही परवानगी द्या अथवा देऊ नका. मुखेड, कंधार, देगलूर, उदगीर, जळकोट या पट्ट्यातल्या अकरावी-बारावीच्या, नर्सिंगच्या, डी.एड.च्या मुलींचे मोबाईल पाहा. कुणी चित्रपट पाहिलेला असतो, कुणी इंग्रजी सुधारावे म्हणून पुस्तक उघडलेले असते, आणि बाकीच्या प्रतिलिपीवर ज्या मराठी भूत-प्रेमकथांच्या मालिका वाचतात त्यांतल्या कितीतरी या एकाच साच्यातून निघालेल्या असतात. गोरा, श्रीमंत, गूढ, रागीट नायक. साधी, धडपडी, स्वतःला कमी समजणारी नायिका. तो तिला मारू शकतो आणि मारत नाही, म्हणून ते प्रेम. हा साचा आमच्या पोरींच्या डोक्यात सोयरिकीचे एक गणित भरतो आहे. ते गणित तपासणे हे चळवळीचे काम नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी बाबासाहेबांचा १९१६चा निबंध पुन्हा एकदा काढावा. आम्ही पुढे त्याकडेच येणार आहोत.

आधी कथानक, कारण न वाचता झोडपणे हा आपल्यातलाही एक रोग आहे. स्टेफनी मेयर या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी २००५ साली आली. पुढे 'न्यू मून' (२००६), 'एक्लिप्स' (२००७) आणि 'ब्रेकिंग डॉन' (२००८) अशी ती चार भागांत वाढली. सगळे भाग मिळून दहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. सतरा वर्षांची बेला स्वान फिनिक्स या उन्हाच्या शहरातून फोर्क्स नावाच्या सतत पाऊस पडणाऱ्या छोट्या गावात बापाकडे राहायला येते. बाप गावचा पोलीस प्रमुख. शाळेत तिला एडवर्ड कलन दिसतो. तो १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मरता मरता व्हॅम्पायर झालेला आहे आणि तेव्हापासून सतराच वर्षांचा राहिला आहे. त्याला बेलाच्या रक्ताचा वास असह्य होतो आणि तिच्याशिवाय राहणेही असह्य होते. जवळच्या ला पुश या आदिवासी राखीव वस्तीत जेकब ब्लॅक राहतो. तो क्विल्यूट जमातीचा, बेलाच्या बापाच्या दोस्ताचा मुलगा. त्याची जमात लांडग्यांचे रूप घेऊ शकते आणि व्हॅम्पायरांशी तिचे जुने वैर आहे. चार भागांत प्रश्न एकच : बेला कुणाची होणार? ती एडवर्डशी लग्न करते, त्याची मुलगी जन्माला घालते, त्या बाळंतपणात मरणाच्या दारात जाते आणि व्हॅम्पायर होऊन अमर होते.

साहित्य म्हणून यात काही नाही असे म्हणणारे बहुतेक जण पहिली पन्नास पानेही वाचत नाहीत. त्या पानांत मेयरबाई शाळेचे जेवणघर असे उभे करतात की तालुक्याच्या कॉलेजात नव्याने आलेल्या मुलीला ते ओळखीचे वाटावे. कोण कोणत्या टेबलावर बसतो, कोण कुणाकडे बघत नाही, नव्या मुलीचे नाव गावाला तिच्याआधी कसे माहीत असते, हे सगळे त्यांनी नीट पाहिले आहे. दुसरी जमेची बाजू म्हणजे हवामान. पाऊस, शेवाळ, ओले लाकूड, सूर्य न दिसणे. आणि हे केवळ वर्णनासाठी नाही, कारण उन्हात कलन कुटुंबाची कातडी हिऱ्यासारखी चमकते, म्हणून ते ढगांच्या गावात राहतात. कथेची गरज आणि निसर्ग इथे एकत्र बांधले गेले आहेत. रक्तगट तपासण्याच्या तासाला बेलाला भोवळ येते आणि ज्याला रक्त हवे तोच तिला सावरतो, तो प्रसंग चांगला बेतलेला आहे. 'न्यू मून'मध्ये एडवर्ड निघून गेल्यावर महिन्यांची नावे छापलेली जवळजवळ कोरी पाने येतात. तिथे दुःखाचे वर्णन करण्याचा मोह लेखिकेने आवरला, आणि चारही पुस्तकांत एवढा एकच मोह त्यांना आवरता आला असे आम्हाला वाटते.

कारण बाकी सगळीकडे विशेषणांचा पूर आहे. एडवर्डचा चेहरा, त्याची छाती, त्याचा थंड संगमरवरी हात, पुन्हा त्याचा चेहरा. गोष्ट बहुतांशी बेलाच तोंडाने सांगते, त्यामुळे ती जे पाहते तेच आपण पाहतो, आणि ती दुसरे काही पाहतच नाही. पहिल्या भागाच्या शेवटी जेम्स नावाच्या शिकारी व्हॅम्पायरशी जी निर्णायक झुंज होते, तेव्हा बेला शुद्धीवर नसते, म्हणून वाचकालाही झुंज दिसत नाही. चौथ्या भागात तर इटलीहून व्होल्टुरी नावाची पिशाचांची सत्ता सैन्य घेऊन येते, शेकडो पाने तयारी चालते, आणि लढाई न होता सगळे घरी जातात. चित्रपट करणाऱ्यांना हे परवडेना, म्हणून त्यांनी २०१२च्या शेवटच्या चित्रपटात ती लढाई भविष्याच्या दृश्यात घालून दाखवली. लेखिकेला आपल्या लाडक्या कुटुंबाचे काहीही गमावू द्यायचे नाही, हे तिथे उघड होते. गमावण्याची पाळी दुसऱ्यांवर येते. कुणावर, ते आता पाहू.

कलन कुटुंब कोण आहे? बाप कार्लाइल डॉक्टर. पैसा अमाप, कारण मुलगी अ‍ॅलिसला भविष्य दिसते आणि शेअर बाजार तिच्या मुठीत असतो. गाड्या महागड्या, घर काचेचे, सगळे गोरे, सगळे सुंदर. ते माणसांचे रक्त पीत नाहीत, जनावरांचे पितात, आणि म्हणून स्वतःला गंमतीने 'शाकाहारी' म्हणवतात! हा विनोद अमेरिकन वाचकाला हसवून पुढे जातो. आपण मात्र इथे थांबले पाहिजे. हरणे, अस्वले, पहाडी सिंह मारून रक्त पिणारे शाकाहारी ठरतात, कारण शाकाहारी असणे हा इथे आहाराचा नव्हे, दर्जाचा प्रश्न आहे. हे आपल्या देशात कुणाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. भाड्याने घर शोधताना पहिला प्रश्न कोणता येतो, ते लातूर-नांदेडला शिकायला गेलेल्या आमच्या प्रत्येक पोराला माहीत आहे. पिळवणूक कायम ठेवून सोवळे पाळायचे आणि त्या सोवळ्याच्या जोरावर बाकीच्या पिशाचांपेक्षा उच्च ठरायचे, ही पद्धत आपल्याला फार जुनी ओळखीची आहे.

त्याच घरात जॅस्पर आहे. तो माणूस असताना अमेरिकन यादवी युद्धात टेक्ससकडून, म्हणजे दक्षिणेच्या, गुलामी टिकवू पाहणाऱ्या सैन्यात मेजर होता. हे 'एक्लिप्स'मध्ये त्याच्याच तोंडून येते, आणि त्याच्या शौर्याची कहाणी म्हणून येते. गुलामांचे काय, हा प्रश्न ना तो विचारतो, ना बेला, ना लेखिका. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले होते. पुण्यात बसलेल्या माणसाला ते युद्ध कशासाठी झाले हे कळले होते. सव्वाशे वर्षांनंतर त्याच देशातल्या लेखिकेला त्यात एक देखणा घोडेस्वार तेवढा दिसतो. आमच्या अभ्यासवर्गात हा मुद्दा निघाला तेव्हा एका मुलीने विचारले, "मग त्या घरात एखादा काळा माणूस का नाही?" आम्हाला उत्तर द्यावे लागले नाही.

आता ला पुशकडे. क्विल्यूट ही जमात कल्पित नाही. वॉशिंग्टन राज्याच्या समुद्रकाठी ती खरोखर राहते, आणि पूर्वज लांडग्यांपासून माणसे झाले ही त्यांची स्वतःची उत्पत्तिकथा आहे. व्हॅम्पायरांशी वैर, तह, रागाच्या भरात लांडगा होऊन कपडे फाडणारे उघडे तरुण, हे सगळे मेयरबाईंनी त्यावर चढवलेले. पुस्तके खपली, चित्रपट आले, जमातीच्या नावावर वस्तू विकल्या गेल्या, पर्यटकांच्या झुंडी गावात आल्या, आणि ज्यांचे नाव वापरले त्यांना या कमाईचा वाटा मिळाला नाही, अशी टीका अमेरिकेतच झाली. शेवटी सिअ‍ॅटलच्या बर्क संग्रहालयाने जमातीला सोबत घेऊन खरे काय आणि कादंबरीतले काय हे वेगळे करून मांडले. या जमातीचा खरा प्रश्न व्हॅम्पायर नव्हता. वस्ती समुद्राला टेकलेली, शाळा त्सुनामीच्या तडाख्यात येईल अशा सखल जागी. उंचावर सरकायला जमीन हवी होती आणि भोवतालची जमीन राष्ट्रीय उद्यानाची. २०१२ साली कायदा होऊन ती जमीन त्यांना मिळाली. मुखेडच्या वाचकाला हे समजायला वेळ लागणार नाही. लेंडी प्रकल्पाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांचे पुनर्वसन वर्षानुवर्षे रखडले, आणि ऑगस्ट २०२५मध्ये रावणगाव, हसनाळला रात्रीतून पाणी घरात शिरून माणसे गेली, ती आपण पाहिली आहेत. सखल जागी कोण राहतो आणि उंचावरची जमीन कुणाच्या ताब्यात असते, याची कादंबरी कुणी लिहीत नाही. लांडग्यांची लिहितात.

फुल्यांनी 'गुलामगिरी'त राक्षस या शब्दामागे रक्षक शोधला आणि म्हसोबामागे बळीराजाचा अधिकारी. पराभूतांना जनावर किंवा भूत करून टाकायचे ही रीत त्यांनी तिथे पकडली. मेयरबाईंचे जग वरवर उलटे आहे, कारण इथे रक्त पिणारा गोरा आहे. पण रक्त पिणारा तो सभ्य, संयमी, सुसंस्कृत, आणि माणसांचे रक्षण करणारा आदिवासी तेवढा तापट, दुर्गंधीयुक्त, कपडे न घालणारा! कादंबरीत व्हॅम्पायरांना लांडग्यांचा वास सहन होत नाही, आणि लांडग्यांना व्हॅम्पायरांचा. वास दोन्हीकडून येतो असे म्हणून समतोल साधला आहे, पण बेलाला, म्हणजे वाचकाला, एडवर्डचा श्वास सुगंधी वाटतो.

आपल्याकडच्या भुतांनाही जात असते, हे आपण विसरू नये. मुंज झालेला ब्राह्मण मुलगा मेला तर मुंजा होऊन पिंपळावर बसतो. विद्वान ब्राह्मण मेला तर ब्रह्मराक्षस. मुसलमान मेला तर खवीस. मरणसुद्धा जातीपासून सुटका देत नाही, अशी ही समाजशास्त्रीय व्यवस्था आहे. ए. एम. टी. जॅक्सन या इंग्रज अधिकाऱ्याने कोकणातल्या शाळामास्तरांकडून अशी माहिती गोळा केली, आणि १९०९मध्ये नाशकात त्याचा खून झाल्यावर एन्थोव्हेनने ती छापली. आजही कुणाला ती उतरंड वाचायची असेल तर उपलब्ध आहे. त्याच मुंज्यावर २०२४मध्ये आदित्य सरपोतदारांचा हिंदी चित्रपट आला. गोट्या नावाचा मुलगा वयाने मोठ्या मुन्नीच्या मागे लागतो, तिला मिळवण्यासाठी बहिणीचा बळी द्यायला निघतो, स्वतःच मरतो, आणि भूत होऊन पिढ्यान्पिढ्या 'लगीन' मागत राहतो. तिथल्या नायिकेचे नावही बेला! मुलगी नाही म्हणते हे दोन्ही बेलांच्या जगात ऐकू येत नाही. एडवर्ड बेलाला न सांगता रात्री खिडकीतून येऊन ती झोपलेली पाहत बसतो, हे कादंबरीत प्रेमाचे लक्षण आहे. आपल्याकडे २०१३पासून मुलीचा पाठलाग हा भारतीय दंडसंहितेत स्वतंत्र गुन्हा ठरला, आता तो न्यायसंहितेच्या ७८व्या कलमात आहे. 'एक्लिप्स'मध्ये जेकबही बेलाचे जबरदस्तीने चुंबन घेतो. ती त्याच्या तोंडावर ठोसा मारते, तिचाच हात मोडतो, आणि तिचा पोलीस बाप जेकबवर खूश होतो. जेकब आदिवासी आहे म्हणून आम्ही त्याची बाजू घेणार नाही.

पण या कादंबरीने जेकबचे शेवटी जे केले, त्यासाठी बाबासाहेबांकडे जावे लागते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. जातीचे मूळ त्यांनी अंतर्विवाहात शोधले. एखाद्या गटाला आतल्या आतच लग्ने करायची असतील तर गटात स्त्री-पुरुषांचे गणित जुळले पाहिजे. जोडीतला एक मेला की दुसरा उरतो, आणि उरलेली व्यक्ती धोक्याची असते, कारण ती बाहेर जोडीदार शोधेल किंवा आतल्या दुसऱ्याचा जोडीदार घेईल. उरलेल्या स्त्रीची सोय सतीने लावली, नाहीतर सक्तीच्या वैधव्याने. उरलेल्या पुरुषाला जाळता येत नाही, तो पुरुष आहे. त्याच्यावर ब्रह्मचर्य लादणेही व्यवहार्य नाही. मग त्याला अजून लग्नाच्या वयात न आलेल्यांतून बायको द्यायची, म्हणजे तो गटाला बांधलेला राहील. बालविवाहाचा उगम बाबासाहेबांनी इथे दाखवला.

आता 'ब्रेकिंग डॉन' उघडा. बेला एडवर्डची झाली. जेकब उरला. उरलेला जेकब धोक्याचा आहे, कारण तो चिडला तर तह मोडतो आणि लांडगे कलनांवर चालून येतात. लेखिका त्याचे काय करते? बेला-एडवर्डची मुलगी रेनेस्मे जन्मते, आणि त्या क्षणी जेकब तिच्यावर 'इम्प्रिंट' होतो. म्हणजे लांडग्यांच्या जादूच्या नियमाने ती नवजात मुलगी त्याची जन्माची जोडीदार ठरते. ती झपाट्याने वाढणार, काही वर्षांत वयात येणार, तोवर तो थोरला भाऊ होऊन राहणार. आणि लांडग्यांचा नियम असा की एकाने जिच्यावर इम्प्रिंट केले तिला दुसऱ्याने हात लावायचा नाही. लढाई टळते. उरलेला पुरुष लग्नाच्या वयात न आलेल्या मुलीला जोडून गटाला बांधला गेला! मेयरबाईंनी बाबासाहेब वाचलेले असण्याचे काही कारण नाही. जेकब विधुर नाही, उदाहरण तंतोतंत बसत नाही, हेही आम्हाला कळते. पण बंद गटाची गोष्ट सुखान्त करायची म्हटली की लेखणी आपोआप त्याच जुन्या तोडग्याकडे जाते, यात निबंधाची ताकद दिसते. एकशे दहा वर्षांपूर्वीचा निबंध आजच्या पोरींच्या हातातली कादंबरी उलगडून दाखवतो.

आणि उरलेली स्त्री? तीही आहे. लीआ क्लिअरवॉटर, लांडग्यांच्या टोळीतली एकुलती एक मुलगी. तिचा प्रियकर सॅम तिच्याच नात्यातल्या एमिलीवर इम्प्रिंट झाला आणि तिला सोडून गेला. टोळीत सगळ्यांची मने एकमेकांना ऐकू येतात, म्हणून तिला रोज सॅमच्या मनातले एमिलीविषयीचे प्रेम ऐकावे लागते. तिची पाळी थांबली आहे. आपण वांझ झालो असे ती मानते. टोळीतली मुले तिला कडवट म्हणून टाळतात. कादंबरीत तिला शेवटपर्यंत जोडीदार मिळत नाही. सतीची चिता नाही, केशवपन नाही, पण सक्तीचे वैधव्य याहून वेगळे काय असते? आमच्या मते या चार पुस्तकांतले सर्वांत खरे पात्र लीआ आहे, आणि लेखिकेने तिला सर्वांत कमी जागा दिली आहे.

अनुलोम-प्रतिलोमाचे गणितही इथे जसेच्या तसे आहे. वरचा पुरुष, खालची स्त्री हे चालते : एडवर्ड उच्च, बेला साधी माणूस, ती वर चढते आणि आपले माणूसपण मागे टाकून त्यांच्यातली एक होते. एडवर्ड काही माणूस होत नाही. एम. एन. श्रीनिवासांची संस्कृतीकरणाची संकल्पना ज्यांनी एम.ए.ला केवळ पाठ केली असेल त्यांनी बेलाचे शेवटचे रूपांतर वाचावे. आधीचे धडपडणे, आधीचे घाबरणे गळून पडते, ती सुंदर होते, कधी थकत नाही. उलट खालचा पुरुष, वरची स्त्री : राखीव वस्तीतला जेकब आणि गोरी बेला. हे चार भागांत घडत नाही. मनुस्मृतीने ब्राह्मण स्त्री आणि शूद्र पुरुष यांच्या संततीला चांडाळ ठरवले होते, म्हणून ती महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जाळली गेली. फोर्क्समध्ये मनुस्मृती नाही. तिथे लेखिकेची आवडनिवड आहे, आणि ती त्याच बाजूला झुकते.

'जातिसंस्थेचे निर्मूलन' (१९३६) या भाषणात बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाह हा खरा उपाय सांगितला, रक्त मिसळल्याशिवाय आपलेपणा येणार नाही असे मांडले. 'ट्वायलाइट'मध्ये रक्त अक्षरशः पानोपानी आहे, पण ते मिसळत नाही. एक बाजू दुसरीला आपल्यात ओढून घेते. आपल्याकडे रक्त मिसळायला निघालेल्यांचे काय झाले? एप्रिल २०१४मध्ये नगर जिल्ह्यातल्या खर्ड्याचा नितीन आगे, शाळेत शिकणारे पोर, वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो म्हणून मारला गेला, आणि २०१७मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. नोव्हेंबर २०२५मध्ये आपल्याच नांदेड शहरात विशीतला एक बौद्ध तरुण मारला गेला. आरोप त्याच्या प्रेयसीच्या घरच्यांवर आहे. त्या मुलीने त्याच्या मृतदेहाला हळद-कुंकू लावून आपण त्याच्या घरची सून झालो असे जाहीर केले. मेलेल्याशी लग्न हे ज्यांना अमेरिकन कल्पित वाटते त्यांनी हे आठवावे. प्रत्येक वेळी मुलगा आपला असतो, मुलगी त्यांची. म्हणजे प्रतिलोम. एडवर्डने चावले तर बेला अमर होते. इथल्या जेकबला कुणी अमर केलेले नाही, आपण त्याचे फलक लावतो एवढेच.

एक मुद्दा कार्यकर्त्यांनी बरोबर काढला होता, तो सांगायला हवा. भूतपिशाचावर आधारित वाचन आपल्या मुलांना अंधश्रद्धेकडे नेणार नाही का? ही भीती मराठवाड्यात पोकळ नाही. भानामती हा शब्द आपल्या भागात अजून जिवंत आहे. बाया अंगात आल्यासारख्या भुंकतात, घरावर दगड पडतात, आणि संशय वस्तीतल्या एखाद्या एकट्या, गरीब बाईवर जातो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. तो अमलात आणायला अजूनही पोलीस ठाण्यात भांडावे लागते. भुंकणाऱ्या बाईच्या मागे सासरचा जाच, उपासमार, दाबून ठेवलेला राग काय काय असते, ते आम्ही वस्त्यांमध्ये पाहिले आहे. जेकब रागावला की लांडगा होतो आणि वाचक टाळ्या वाजवतो. आपली बाई रागावली की तिला मांत्रिकाकडे नेतात. तरीही आमचे मत असे की भुताची गोष्ट वाचून कुणी मांत्रिकाकडे जात नाही. नारायण धारपांची 'लुचाई' मराठीत वाचली गेली, मतकरींच्या गूढकथा वाचल्या गेल्या. गोष्ट ही गोष्ट आहे हे मुलांना कळते. त्यांना कळत नाही ते गोष्टीतले सोयरिकीचे नियम, कारण ते कुणी दाखवत नाही.

धम्माच्या बाजूने तर या कादंबरीशी झकास वाद घालता येतो. एडवर्ड बेलाला व्हॅम्पायर करायला नकार देतो, कारण व्हॅम्पायरला आत्मा नसतो, आपला आत्मा गेला तसा तिचाही जाईल, असे त्याला वाटते. दुसऱ्या भागाची सगळी ओढाताण या आत्म्यावर उभी आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच बाबासाहेबांनी आत्मा नाकारल्यावर कर्म आणि पुनर्जन्माचे काय, हा प्रश्न उघड मांडला. आत्मा नाही म्हटल्यावर एडवर्डची अडचण वाऱ्यावर जाते. उरतो तो साधा प्रश्न : तू कुणाला इजा करतोस की नाही? या प्रश्नावर कलन कुटुंब अर्धेच पास होते. ते स्वतः माणसे मारत नाहीत, पण शेवटच्या भागात साक्षीदार म्हणून जमलेले त्यांचे मित्र माणसांचे रक्त पिणारे असतात. कलन त्यांना जवळपासच्या गावात शिकार करू नका म्हणतात. दूरच्या गावांचे काय?

मराठीत असे काही आहे का, असेही मुले विचारतात. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) पाहा. कैकाडी समाजातला जब्या शालूच्या प्रेमात आहे, आणि काळी चिमणी जाळून तिची राख टाकली की मुलगी वश होते असे त्याला चंक्याने सांगितले आहे. चंक्या स्वतः नागराजने केला आहे. किशोरवयीन प्रेम आणि जादू दोन्ही त्यात आहे. पण चिमणी हाताला लागत नाही, डुकरे मात्र गावासमोर धरावी लागतात, शालूच्या डोळ्यांदेखत. 'सैराट'मध्ये (२०१६) रक्त शेवटी लहान मुलाच्या पावलांना लागते आणि पडद्यावरचा आवाज बंद होतो. हे दोन्ही चित्रपट आमच्या पोरींनी 'ट्वायलाइट'आधी पाहिलेले आहेत. तरी त्या 'ट्वायलाइट'कडे जातात. कारण तिथे कुणी मरत नाही. यासाठी त्यांना दोष देणारे आम्ही कोण? सतराव्या वर्षी मुलीला एखादी तरी अशी गोष्ट हवी असते जिच्यात प्रेमाची किंमत जीव नसते.

अभ्यासवर्गात आता आम्ही 'कास्ट्स इन इंडिया'चे मराठी भाषांतर आणि 'ब्रेकिंग डॉन'मधली लीआची प्रकरणे एकत्र वाचायला ठेवली आहेत. बारावीतल्या दोघी जणी लीआच्या तोंडून गोष्ट लिहीत आहेत. तिचे गाव त्यांनी ला पुशवरून उचलून लेंडीच्या काठाला आणले आहे, आणि लांडग्याऐवजी तिचे काय करायचे यावर त्यांचे अजून भांडण चालू आहे.